हजेरीत एकटंच निघेल असं नाव

तुमचा मुलगा दोन महिन्यांचा झाला आणि घरात अजून 'बाळ्या'वरच भागतंय. नाव फार ऐकलेलं नको, पण ऐकून कोणी तोंड वाकडं करावं असंही नको. सासूबाईंना देवाचं हवं, मिस्टरांना तीन अक्षरांत आटपणारं हवं. यादी गाळून गाळून शेवटी पाच नावं उरली आहेत: विवान, रेयांश, शिवांश, अर्णव आणि आरव. यातलं सगळ्यात कमी प्रचलित कोणतं, हे तुम्हाला माझ्याकडून हवंय.

एकही नाही. राग मानू नका, पण या पाचांतलं कुठलंही ठेवलंत तरी शाळेत शिक्षिका हाक मारतील तेव्हा दोघं-तिघं मान वर करणार.

मी ३१ वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं. नावांची जी काही जाण मला आली ती कोशांतून कमी आणि हजेरीपटातून जास्त. दर जूनला नवा पट यायचा. त्यावरची साठेक नावं वर्षभर रोज सकाळी मोठ्याने म्हणायची, म्हणजे कोणतं नाव जिभेवर बसतं, कोणतं अडखळवतं आणि कोणत्या नावाला एकाच वेळी तीन 'हजर' येतात, हे आपोआप कळत जातं. शिवाय माझं स्वतःचं नाव सुनीता. आमच्या वर्गात चौघी सुनीता होत्या. मोठी, छोटी, चष्मेवाली आणि खिडकीजवळची. मी खिडकीजवळची. जागा बदलली तरी सातवीपर्यंत नाव तेच राहिलं.

नावं लाटेनं येतात, हे तुम्हालाही घरातल्या पिढ्यांकडे पाहून दिसेल. पणजोबा दत्तात्रय, पांडुरंग, सदाशिव. आजोबा सुरेश, अशोक, प्रकाश, सुधीर. त्यानंतरचे संजय, सुनील, नितीन, मिलिंद. मग स्वप्नील, निखिल, अमेय, कौस्तुभ. मी शिकवत असतानाच ओंकार आणि सोहम आले, मग अथर्व आणि वेदांत, आणि शेवटच्या काही वर्षांत आरव, अर्णव, विहान. गंमत अशी की यातलं प्रत्येक नाव ठेवणाऱ्यांना ते ठेवताना वेगळंच वाटलं होतं. 'स्वप्नील' ठेवणारे आईबाप सुरेश-रमेशला कंटाळूनच तिकडे वळले होते. फक्त ते एकटे कंटाळले नव्हते.

तुमच्या यादीचा घोळ इथेच आहे. लोक नाव शोधताना शब्दाकडे पाहतात, पण लाट शब्दाची नसते, नादाची असते. सध्या दोन साचे जोरात आहेत. एक 'अ' किंवा 'आ'ने सुरू होऊन र, य, व यांच्यावरून घरंगळत जाणारा: आरव, आरुष, आर्यन, अर्णव, अयान, आयांश. दुसरा शेवटी 'अंश' किंवा 'आन' लावणारा: शिवांश, रेयांश, वेदांश, विहान, विवान, कियान, युवान. पहिल्या पानावर आरव दिसला म्हणून आईवडील शेवट बदलून 'आरुष' करतात आणि आपण गर्दीतून सुटलो असं समजतात. कागदावर ते नाव वेगळं असतं. मैदानावर, पन्नास पोरांच्या कल्लोळात, फक्त 'आऽऽऽ' एवढंच ऐकू येतं आणि सगळे वळतात. एकदा क्रीडादिनाला मी एका आरवला हाक मारली तर एक आरुष आणि एक अर्णव आले. ज्याला बोलावलं तो शेवटपर्यंत आला नाही. त्याला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी बोलावलं असेल.

या 'अ'च्या गर्दीला आणखी एक साधं कारण असावं असा माझा जुना संशय आहे. नावांच्या याद्या अकारविल्हे असतात. माणूस 'अ'पासून वाचायला लागतो, 'क'पर्यंत दमतो, आणि 'ध', 'भ', 'स', 'ह' यांच्याकडे पोचतच नाही.  तुमच्याही यादीत 'ध', 'भ', 'स', 'ह' यांचं एकही नाव नाही. म्हणून पहिला सोपा उपाय सांगते: यादी शेवटून वाचा.

आता अर्थाबद्दल. तुम्ही प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलाय, तो पाहून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. 'आरव'पुढे तुम्ही 'शांत' असं लिहिलंय. बहुतेक याद्यांत तसंच छापलेलं असतं. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजेही आवाज, ओरड, कल्लोळ. शांत असतो तो 'नीरव'. कोणीतरी कधीतरी दोघांची अदलाबदल केली आणि पुढच्या सगळ्यांनी ती उतरवून घेतली. (तान्ह्या बाळाला मूळ अर्थ जास्त शोभतो हे मात्र कबूल.) 'विवान'पुढे 'सूर्य' लिहिलंय. सूर्याला विवस्वान म्हणतात. मधला 'स्व' गाळल्यावर सूर्य उरत नाही. 'रेयांश'मधला 'अंश' कळतो, पण 'रेय' या शब्दाचा विष्णू किंवा सूर्य असा अर्थ संस्कृतात नाही. 'अर्णव' मात्र स्वच्छ आहे, समुद्र. ते खरं निघालं, तर तेही भरपूर ठेवलेलं.

अर्थ नसलेलं नाव ठेवू नये असं माझं म्हणणं नाही. नाद आवडला म्हणून ठेवलं, हे कारण पुरेसं आहे. पण मग खोटा अर्थ चिकटवू नका. मुलगा आठवीत संस्कृत घेतो, शब्दकोश उघडतो आणि घरी येऊन विचारतो, हे मी पाहिलंय.

उलटही होतं. 'अनय' घ्या. कोशात पाहिलं तर अनय म्हणजे अनीती, वाईट चाल. एका आईने घाबरून मला फोन केला होता, कारण नाव दाखल्यावर चढलं होतं आणि कुणी नातेवाइकाने हा अर्थ काढून दाखवला होता. तिला मी विष्णुसहस्रनामातली ओळ वाचून दाखवली, 'नेयो नयोऽनयः'. तिथे अनय हे विष्णूचंच नाव आहे, ज्याला नेणारा दुसरा कोणी नाही तो. शब्द तोच, विग्रह वेगळा. तसंच 'अनिकेत'चं. सरळ अर्थ बेघर, पण गीतेच्या बाराव्या अध्यायात कृष्ण आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताचं वर्णन करताना तो शब्द वापरतो. म्हणून अर्थ तपासताना एका कोशावर थांबू नका. तो शब्द कुठे, कोणासाठी आलाय तेही पाहा.

तर मग कमी प्रचलित म्हणजे काय? माझी व्याख्या अशी की कानाला ओळखीचं आणि हजेरीत अनोळखी. शब्द मराठी माणसाने ऐकलेला असावा, त्याचा उच्चार विचारावा लागू नये, पण तो नाव म्हणून समोर आल्यावर 'अरे, हे कसं सुचलं नाही' असं वाटावं. जो शब्द कोणीच ऐकलेला नाही तो वेगळा वाटतो खरा, पण पोराला जन्मभर 'काय? परत सांग' ऐकावं लागतं. ते वर्गात चार आरव असण्यापेक्षा फार बरं आहे असं मला वाटत नाही.

असे शब्द सापडतात कुठे? पहिली जागा तुमचंच घर. एक पिढी मागची नावं शिळी वाटतात, दोन पिढ्या मागची म्हातारी वाटतात, पण तीन-चार पिढ्या मागे गेलात की तीच नावं पुन्हा कोवळी होतात. माधव, केशव, राघव असेच परत आले. ते आता इतके परतलेत की त्यांना दुर्मीळ म्हणता येणार नाही. पण श्रीरंग, मुकुंद, अच्युत, हेरंब, श्रीपाद, यशवंत, त्रिविक्रम यांच्याकडे अजून फारसं कोणी वळलेलं नाही. पणजोबांच्या वहीत, घराच्या जुन्या उताऱ्यावर, देवघरातल्या तांब्यावर कोरलेली नावं एकदा वाचून काढा. सासूबाईंचं मन राखलं जातं हा वरचा फायदा.

दुसरी जागा आपला इतिहास, पण तोही जरा खणून. शिवकाळ म्हटलं की सगळे शंभू आणि शिवराजकडे जातात. त्याच काळाच्या आसपास मालोजी आहेत, येसाजी आहेत, कान्होजी, धनाजी, बहिर्जी आहेत. 'जी' काढला तरी 'मालो' आणि 'कान्हो' उभे राहतात. त्याच्या मागे देवगिरीचे यादव: भिल्लम, जैतुगी, सिंघण. 'सिंघण' आजच्या मुलाला पेलेल का, माहीत नाही. 'भिल्लम' मला तरी देखणं वाटतं, पण माझ्या घरातसुद्धा ते कोणी घेतलं नाही. संतांमध्ये ज्ञानेश्वरांच्या भावंडांकडे पाहा. 'सोपान' म्हणजे पायऱ्या, जिना. किती साधं, किती सुरेख, आणि माझ्या सगळ्या नोकरीत एकच सोपान भेटला. 'निवृत्ती'ही तितकंच सुंदर, पण त्या शब्दाला आता निवृत्तिवेतन चिकटलंय, पोराची सुटका नाही. नामदेवांच्या चार मुलांची नावं नारा, महादा, गोंदा, विठा. 'विठा' हे दोन अक्षरी, देवाचं, आणि अस्सल मराठी. शहरी कानाला आधी खडबडीत लागेल. चार दिवस म्हणून पाहा, मग ठरवा.

बौद्ध परंपरेतली नावं तर महाराष्ट्राने जपली आणि वाढवली. 'मिलिंद' संस्कृतात भुंगा, पण पालीमध्ये तोच शब्द ग्रीक राजा मिनँडरचं नाव होऊन येतो. नागसेन नावाच्या भिक्खूला प्रश्न विचारून भंडावणारा तो राजा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय काढलं, त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं, आणि महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही तिथे शेजारी आहेत. मिलिंद, राहुल, सिद्धार्थ खूप झाले. पण नागसेन, सुगत, उपाली, वसुबंधू यांना अजून भरपूर मोकळी जागा आहे.

तिसरी जागा, आणि माझी सगळ्यांत लाडकी, म्हणजे स्तोत्रं. लोक विष्णुसहस्रनाम रोज म्हणतात आणि नाव शोधायला यादी उघडतात. हजार नावांची यादी तोंडपाठ असताना! त्यातली ही एकच ओळ पाहा: 'उपेन्द्रो वामनः प्रांशुरमोघः शुचिरूर्जितः'. वामन म्हणजे बुटका आणि त्याला लागूनच प्रांशू म्हणजे उंच. बटू होऊन आला आणि बघता बघता त्रिभुवन व्यापलं, ही अख्खी गोष्ट दोन शब्दांच्या मधल्या जागेत बसवलीय. कालिदासालाही ही जोडी मोहवून गेली असावी. रघुवंशाच्या सुरुवातीला तो स्वतःला उंच माणसाच्या हाती लागणाऱ्या फळासाठी हात वर करणारा बुटका म्हणतो, तिथे हेच दोन शब्द आहेत. त्या एका ओळीत उपेंद्र, अमोघ, शुची, ऊर्जित अशी आणखी चार नावं पडलेली आहेत. पुढे एका ओळीत सुव्रत, सुमुख, सुघोष येतात. आरवमधला आवाजच तुम्हाला आवडला असेल तर त्याऐवजी 'सुघोष' घ्या. गोड आवाजाचा. गीतेच्या पहिल्या अध्यायात नकुलाच्या शंखाचं नावही सुघोष आहे. सहदेवाच्या शंखाचं नाव मणिपुष्पक, ते मात्र शंखालाच राहू द्या.

नाटकं, पुराणं, आकाश, झाडं, राग यांवर मी फार बोलत नाही, ते तुम्हीही चाळाल. उदयन, चारुदत्त, पुंडरीक, सात्यकी, श्वेतकेतू, कदंब, तमाल, बकुळ, हिंडोल, हमीर. एवढी नोंद करा की केदार, मल्हार, सारंग, ध्रुव, अगस्त्य ही एकेकाळी निराळी वाटणारी नावं आता तशी राहिलेली नाहीत.

नाव सापडलं की लगेच ठरवू नका, आधी ते वापरून पाहा. मी हे माझ्याच चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंच्या मुलासाठी मी मोठ्या हौसेने 'क्रतू' सुचवलं. सप्तर्षींमधला पहिला तारा, अर्थ यज्ञ किंवा संकल्प, दोन अक्षरं, कुठेच ऐकलेलं नाही. सगळं जुळत होतं. पाच-सहा वर्षांनी तो मुलगा आमच्याच शाळेत आला आणि आठवड्याभरात त्याचा 'कार्टून' झाला. इंग्रजीच्या तासाला त्याला कोणी 'क्रेटू' म्हणायचं, पालकसभेत कोणी 'केतू' म्हणायचं. बाई मला काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या मुलाच्या वेळी नाव विचारायलाही आल्या नाहीत. सप्तर्षींमधलाच मरीची मी तेव्हाच मनातून काढून टाकला. त्याची 'मिरची' व्हायला एक दिवससुद्धा लागला नसता.

तेव्हापासून मी प्रत्येक नावाला आधी 'या' लावून बघते. मराठी पोरं कुठल्याही नावाला शेवटी 'या' लावतातच. अविनाशचा अव्या, समीरचा सम्या, रवींद्रचा रव्या. या कसोटीत भलीभली नावं घसरतात. प्रांशू मला इतका आवडतो, पण त्याचा 'प्राण्या' होणार, हे दिसतंय. उदयनचा होतो 'उद्या'. मग 'उद्या आज आलाय का?' आणि 'उद्या उद्या येणार आहे' हे विनोद दहावीपर्यंत. ते चालणार असतील तर उदयन फार देखणं नाव आहे. सगळी चिडवाचिडवी टाळता येत नाही, पोरं हुशार असतात. पण जे तुम्हाला दोन मिनिटांत सुचतं ते त्यांना दोन सेकंदांत सुचेल.

दुसरी कसोटी हाकेची. एकाने घराच्या एका टोकाला उभं राहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाहून हाक मारायची. मधे कुकरची शिट्टी किंवा टीव्ही चालू असला तर उत्तम. ज्या नावात कुठेतरी दीर्घ स्वर असतो ते लांबवता येतं: 'सोपाऽऽन', 'श्रीरंऽऽग'. जोडाक्षरावर संपणारं नाव हाकेत अडकतं. दिवसातून दहा-वीस वेळा तुम्हीच ओरडणार आहात, तेव्हा घशाचाही विचार करा.

मग आडनाव. पूर्ण नाव सलग म्हणून पाहा. 'ऋषी जोशी' म्हटलं की यमक जुळतं आणि ऐकणारा हसतो. नावाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात एकाच अक्षरावर आली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि आता सलग म्हणताना आईचंही नाव धरायचं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. तुमच्या मुलालाही तो लागू होतो. मला स्वतःला याचा आनंद वाटला. आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी होऊन गेले, आईच्या नावाने ओळखले जाणारे राजे. आपण नवीन काही करत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की चार शब्दांची ही माळ आहे, तिच्यातला पहिला मणी निवडताना उरलेले तीन हातात धरा.

रोमन लिपीकडे लोक फार उशिरा लक्ष देतात. त्या लिपीत 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' एकच होतात, 'ळ' नाहीसा होतो, आणि शेवटच्या 'अ'चा 'आ' होतो. म्हणून अथर्वचा महाराष्ट्राबाहेर अथर्वा होतो. 'ज्ञ' आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य' म्हणतात, आणि त्यामुळे एकाच ज्ञानेशची स्पेलिंगं दोन. 'ऋ'चंही तसंच, आपला 'रु' आणि त्यांचा 'रि'. याचा अर्थ ही अक्षरं टाळा असा नाही. माझ्या मते तर 'ळ' असलेलं नाव ठेवणं हीच आता वेगळी गोष्ट झाली आहे. पण स्पेलिंग एकदाच ठरवा, कागदावर लिहा आणि दाखला, आधार, शाळा सगळीकडे तेच द्या. नशिबासाठी एखादं 'ए' किंवा 'आय' जास्तीचं घालायला सांगणारे भेटतील. त्या जादा अक्षराने नशिबाचं काय होतं ते मला सांगता येणार नाही, पासपोर्टच्या रांगेत काय होतं ते मी पाहिलंय.

तुम्ही राशीच्या अक्षराचंही विचारलंय. मुलाला 'ष' आलंय आणि 'ष'वरून काही सापडत नाही म्हणून यादीत शिवांश शिरलाय, असं दिसतं. हस्त नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. आर्द्रेच्या एका चरणाला तर 'ङ' आहे, ज्याने मराठीत एक शब्द सुरू होत नाही. ज्यांनी ही व्यवस्था केली त्यांनाही हे माहीत होतंच, म्हणून तर नावरस नाव वेगळं आणि व्यवहाराचं वेगळं ही सोय आहे. सासूबाईंना अक्षर हवं असेल तर पत्रिकेत 'षडानन' लिहा, कार्तिकेयाचं नाव आहे, आणि हाक मारायला दुसरं घ्या. अक्षराच्या दारातून सगळे आत शिरतात म्हणूनच एकाच अक्षराच्या मुलांची नावं इतकी सारखी होतात.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुम्ही केली असेलच; पण ती नावाशिवायही होते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येतं, आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा चढलेलं नाव बदलणं हा वेगळाच उद्योग आहे, प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चकरा. शिवाय १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणजे दाखल्यावर जे उमटेल तेच पुढे सगळीकडे जाणार. दोन महिने झालेत, अजून दहा हातात आहेत.

तुमच्या घरासाठी मी काय निवडेन? देवाचं नाहीतर संताचं, तीन अक्षरांत बसणारं, लाटेबाहेरचं, एवढ्या अटींत माझ्याकडे चार उरतात: ऊर्जित, सुघोष, सोपान, श्रीरंग. श्रीरंग सगळ्यांत निर्धोक, कोणी काही विचारणार नाही, फक्त चुलतघरात एखादे श्रीरंगकाका निघतील एवढं बघा. सोपान मिस्टरांना जुनं वाटेल, असा माझा अंदाज आहे. सुघोष ऐकायला छान, पण 'घोष' हे बंगाली आडनाव आहे, त्यामुळे बाहेर कुठे नाव सांगितलं की पुढे आडनावाचा गोंधळ होईल. ऊर्जितवर मी जास्त रेंगाळेन. 'ऊर्जितावस्था' आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो, म्हणजे शब्द अनोळखी नाही. अर्थ बलवान, जोमदार. सहस्रनामातलं, म्हणून सासूबाई खूश. रोमनमध्ये पाच-सहा अक्षरं, त, ट चा घोळ सोडला तर सरळ. 'या' लावला तर उर्ज्या. चिडवायला त्यात फारसं काही नाही, मी दोन दिवस प्रयत्न करून पाहिला. 'ऊ' दीर्घ आहे तेवढं दाखल्यावर तपासून घ्या, कारकून हमखास ऱ्हस्व लिहितात.

आठवडाभर त्याला एका नावाने हाक मारा, पुढचा आठवडा दुसऱ्या नावाने. त्याला काही कळणार नाही. पण कुठल्या नावाने हाक मारताना तुमच्या तोंडून पुन्हा 'बाळ्या' निघत नाही, ते तुम्हाला कळेल. आणि कृपा करून ठरण्याआधी ते व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये टाकू नका. तुमच्या नणंदेचे दिवस भरत आलेत, असं तुम्हीच लिहिलंय.